ड्यूटीला दर लावण्यापूर्वी: आमच्या सेलिंग क्लबच्या समितीस आणि सभासदांस खुले पत्र

प्रति,
माननीय कमोडोर, व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि क्लबचे सर्व सभासद यांस,

सविनय नमस्कार.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेसोबत आपणा सर्वांना एका ठरावाचा मसुदा मिळाला आहे. पुढील हंगामापासून बोट बाळगणाऱ्या, तसेच ज्यांची मुले प्रशिक्षण वर्गात आहेत अशा प्रत्येक कुटुंबाने हंगामात सहा रविवार ड्यूटी करावी, ज्यांना ते जमणार नाही त्यांनी दर ड्यूटीमागे ३,००० रुपये भरून मोकळे व्हावे, आणि जमलेल्या रकमेतून रेस्क्यू बोट चालवणे, मार्क (शर्यतीचा मार्ग दाखवणारे तरंगते बोये) टाकणे-उचलणे व नोंदवही सांभाळणे ही कामे बाहेरच्या एजन्सीकडे सोपवावीत, असा त्याचा आशय आहे. यातील पहिल्या भागाला माझा मनापासून पाठिंबा आहे. दुसऱ्या भागाला माझा विरोध आहे, आणि दुसरा भाग मंजूर झाला तर पहिला दोन हंगामांत आपोआप निकालात निघेल, असे माझे मत आहे. हे समितीला खासगी पत्राने कळवता आले असते. परंतु या ठरावाची झळ ज्यांना सर्वांत आधी लागेल, म्हणजे वर्गातील मुले, सभासद नसलेले त्यांचे पालक आणि आपले खलाशी, त्यांना सर्वसाधारण सभेत बसण्याचा अधिकार नाही. त्यांनाही वाचता यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा क्लबशी संबंध जडला तो २००९ च्या हंगामात, मुलीमुळे. ती दहा वर्षांची होती, तिला ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या शिडाच्या बोटीत बसायचे होते, आणि तिला सोडायला आलेली मी धक्क्यावर पर्स सांभाळत उभी होते. पहिल्याच रविवारी कोणीतरी माझ्या हातात स्टॉपवॉच आणि नोंदवही दिली, कारण वेळा लिहिणारे गृहस्थ त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. ते पुढच्या रविवारी परत आले. नोंदवही मात्र माझ्याकडेच राहिली. मुलगी आता नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते, जिथे समुद्र नाही. मी अजूनही रविवारी सकाळी त्याच धक्क्यावर असते. मला आजही शिडाची बोट नीट हाकता येत नाही हे मी मोकळेपणाने सांगते, आणि तरीही या क्लबात मला कधी उपरे वाटले नाही, हे त्या नोंदवहीमुळे. माझे म्हणणे काहीसे भावनिक वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून ज्या कामाला आपण दर लावायला निघालो आहोत ते काम नेमके काय आहे, हे आधी मांडते. कारण मसुदा ज्यांनी तयार केला त्यांतील काहींनी गेल्या अनेक हंगामांत ते केलेले नाही. हा टोमणा मारण्याचा हेतू नाही, नोंदवही तसे सांगते.

रविवारची ड्यूटी शुक्रवारी रात्री कालनिर्णय उघडून सुरू होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब मला आपल्या एका वृद्ध खलाशाने शिकवला: अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या. अचूक वेळेसाठी छापील कोष्टक आहेच, पण रविवारी बोटी किती वाजता उतारावरून पाण्यात सोडता येतील आणि किती वाजेपर्यंत त्या परत वर आणल्याच पाहिजेत, हे ठरवायला पाऊणपट पुरते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. ज्याने वेळ चुकवली त्याला उताराच्या टोकाशी पाण्याऐवजी गुडघाभर चिखल मिळतो, आणि त्या चिखलातून ३५ किलोची ऑप्टिमिस्ट उचलून आणताना, ती केवळ पावणेआठ फुटांची असली तरी, दोन धडधाकट माणसांची कंबर धरते.

मग रविवारी सकाळी रेस्क्यू बोटीचे पेट्रोल, हवा, वॉकीटॉकी आणि दोर तपासायचे. इंजिनाची लाल किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी दोरी, आहे ना आणि ती चालवणाऱ्याच्या पायाला बांधली आहे ना, हे पाहायचे, कारण चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिले तर काय होते हे कोणालाही प्रत्यक्ष पाहावे लागू नये. प्रत्येक मुलाच्या लाईफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहायचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट आणि नौदलाची स्पीडबोट यांची धडक झाली, ती आपल्याच बंदरात. त्यानंतरच्या रविवारी आपल्या वर्गातील मुलांच्या आया धक्क्यावर येऊन न बोलता स्वतः पट्टे ओढून पाहत होत्या. त्यांना कोणी ड्यूटी लावलेली नव्हती.

शर्यतीच्या बोटीवर किमान चार माणसे लागतात: एक घड्याळाला, एक झेंड्यांना, एक भोंग्याला आणि एक स्टार्ट लाईनवर नजर ठेवायला. पाच मिनिटे उरली की वर्गाचा, म्हणजे त्या शर्यतीतील बोटींच्या प्रकाराचा, झेंडा वर, चार मिनिटे उरली की निळ्या झेंड्यावर मधोमध पांढरा चौकोन असलेला तयारीचा झेंडा वर, एक मिनिट उरले की तो खाली, आणि शून्याला वर्गाचा झेंडाही खाली. वेळ झेंड्यावरून धरायची असते, भोंग्यावरून नव्हे. भोंगा वाजला नाही तरी सुरुवात वैध असते. आपला भोंगा ज्या नियमाने बिघडतो ते पाहता हा नियम करणाऱ्यांनी आपला क्लब पाहिला असावा, असे मला नेहमी वाटते. याच वेळी गेटवे ते मांडवा जाणाऱ्या लाँचेस, घारापुरीच्या फेऱ्या, न्हावा-शेव्याकडे निघालेली कंटेनर जहाजे आणि नौदलाच्या नौका आपापल्या वाटेने जात असतात. कंटेनर जहाज अकरा वर्षांच्या मुलासाठी थांबू शकत नाही; वाटेतून वेळेवर बाजूला व्हायचे असते ते मुलाने, आणि त्याला वेळेवर सांगायचे असते ते रेस्क्यू बोटीने.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, दुपारी मध्येच तो पडतो आणि मग वायव्येचा खारा वारा उठतो, जो मार्च-एप्रिलमध्ये चांगलाच जोर धरतो. आपला धक्का कुलाब्याच्या पूर्वेला असल्यामुळे हा वायव्येचा वारा आपल्याकडे जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. धक्क्यापाशी तो मवाळ वाटतो, आत गेल्यावर त्याचे खरे बळ कळते, आणि वारा व ओहोटी यांचे संगनमत झाले की मोडकी बोट किनाऱ्याकडे न येता आग्नेयेला असलेल्या करंजा गावाच्या दिशेला आणि बंदराच्या तोंडाकडे जाऊ लागते. हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी अठरा ऑप्टिमिस्ट बाहेर होत्या. साडेचारच्या सुमारास वारा अचानक वाढला, शर्यत सोडून देण्यात आली आणि बोटी मिळेल त्या क्रमाने परतू लागल्या. चार बोटी दोराने ओढून आणाव्या लागल्या. मी नोंदवहीत एकेका शिडाच्या क्रमांकापुढे खूण करत गेले, अठरा खुणा झाल्या, आणि मी वॉकीटॉकीवर ‘सर्व परत’ असे सांगितले. ती चूक होती, आणि ती माझी होती. एका मुलाने त्या दिवशी आपली बोट मित्राला दिली होती आणि स्वतः क्लबची जुनी बोट घेतली होती. मित्र ती बोट घेऊन आला तेव्हा मी त्याच्यापुढेही खूण केली आणि सवयीने त्या मुलापुढेही केली. चूक पकडली ती पोह्यांच्या टेबलावर उभ्या असलेल्या एका आईने. धक्क्याच्या पायरीवर निळ्या पट्ट्यांच्या चपलांचा एक जोड अजून तसाच पडला होता, आणि त्या कोणाच्या आहेत हे तिला माहीत होते, कारण आदल्या रविवारी त्यांचा तुटलेला अंगठा तिनेच सेफ्टी पिनने जोडून दिला होता.

रेस्क्यू बोट पुन्हा निघाली. तिच्यावर आपले एक दंतवैद्य सभासद आणि एक खलाशी होते. खलाशाने ओहोटी किती वेळ सुरू आहे ते विचारले, क्षणभर पाण्याकडे पाहिले आणि शर्यतीच्या जागेकडे न जाता सरळ आग्नेयेला बोट घ्यायला सांगितले. मुलगा अंधार पडण्यापूर्वी सापडला. त्याच्या डोलकाठीचा पाया निसटला होता, शीड त्याने गुंडाळून बोटीत घेतले होते, आणि तळ कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीने तो पाणी उपसत बसला होता, जसे त्याला शिकवले होते तसेच. धक्क्यावर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो पोहे उरले आहेत का, हा.

यावर समितीतील कोणी म्हणेल की एजन्सीच्या माणसाने मनगटी पट्टे आणि यंत्र वापरले असते तर ही चूक झालीच नसती. शक्य आहे. मनगटी पट्टे आपण आजही आणू शकतो, त्याला एजन्सी लागत नाही, आणि ते आणावेत असे मी गेली तीन वर्षे लिहून देत आहे. परंतु चपला ओळखणारी आई कोणत्याही करारात लिहून मिळत नाही. त्या दिवशी धक्क्यावर जी वीसेक माणसे होती ती मुलांना बोटीच्या क्रमांकाने ओळखत नव्हती. कोणता मुलगा घाबरला तरी सांगत नाही, कोणती मुलगी बोट उलटली की मुद्दाम वेळ काढते, कोणाला गोगलगायीची गती आवडते, हे त्यांना ठाऊक होते, कारण त्यांनी अनेक रविवार त्या मुलांबरोबर घालवले होते. ३,००० रुपये भरून घरी थांबलेला पालक दर रविवारी या माहितीतून थोडा थोडा वजा होत जातो.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण ती खरी आहे. समितीने हा मसुदा वैतागून तयार केला आहे, आणि वैतागाला कारण आहे. गेल्या हंगामातील माझ्या वहीत ड्यूटी केलेल्यांची नावे पाहिली तर बारा-तेरा नावे पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीची दिवाळीच्या पणतीसारखी वर्षातून एकदा उजळतात. ठाणे आणि नवी मुंबईहून येणाऱ्यांना सकाळी सातला धक्क्यावर पोहोचायचे तर पाचला उठावे लागते. शनिवारीही कामावर जाणारे लोक आहेत. घरी आजारी आईवडील असणारे आहेत. काही जण केवळ आळशी आहेत, आणि त्यांतील दोघे उत्तम शिडकरी आहेत. शर्यत जिंकून कप घ्यायला ते वेळेवर हजर असतात, मार्कचे नांगर उचलायच्या वेळी मात्र त्यांना ट्रॅफिक आठवते. जे नेहमी येतात ते थकले आहेत. गेल्या मेमध्ये बोटी पावसाळ्यासाठी वर काढताना, त्यांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडताना आणि शिडे वाळवून घड्या घालताना आम्ही फक्त पाच सभासद होतो, आणि त्यांत साठीच्या आतले दोघेच. तेव्हा ‘पैसे घ्या, पण काम होऊ द्या’ असे कोणाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही.

पण पैसे घेऊन काम होऊ देणे हे आपल्याला नवे नाही, ही गोष्ट मसुद्यात कुठेच आलेली नाही. मुंबईत शिडाच्या बोटींचा पहिला क्लब १८४६ मध्ये निघाला, तो आज गेटवेसमोर उभा असलेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब. तेव्हापासून या बंदरात साहेबांनी बोट हाकायची आणि स्थानिक खलाशांनी ती तयार ठेवायची, अशी रीत पडली, आणि साहेब गेल्यावर रीत आपण उचलली. आपल्याकडेही सभासदांची ड्यूटी ही चाल अलीकडची आहे. त्याआधी सगळे काम खलाशीच करत, सभासद येत, तयार बोटीत बसत, दोन तासांनी उतरत आणि ओली बोट तिथेच सोडून चहाला जात. मी आले त्या वर्षी हे संपत आले होते, तरी पूर्ण संपले नव्हते. ज्या दिवशी एका सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याने पँट दुमडून खलाशांबरोबर उतारावर बोट धुवायला सुरुवात केली, त्या दिवशी बरीच हसाहशी झाली होती. पुढच्या महिन्यात चौघे जण धुवू लागले. खलाशी आमच्याशी बोलू लागले ते त्यानंतर. पाऊणपटीचा हिशेब मला त्यानंतर मिळाला. एजन्सी आली की आपण पुन्हा त्याच जुन्या रीतीकडे जाऊ, फक्त खलाशांच्या जागी दर सहा महिन्यांनी बदलणारी, या पाण्याशी ओळख नसलेली कंत्राटी मुले असतील, आणि त्यांना आमच्याशी बोलण्याचे काही कारण उरणार नाही. आपल्या तिघा खलाशांचे पुढे काय होणार याविषयी मसुद्यात एकही वाक्य नाही. तो विषय सभेत निघेलच, आणि नाही निघाला तर मी काढीन.

माझा खरा आक्षेप याहूनही वेगळा आहे आणि तो पैशांच्या हिशेबाशी संबंधित आहे. सहा ड्यूट्यांचे १८,००० रुपये होतात. आपल्या सभासदांपैकी अनेकांना ही रक्कम विचार करण्याजोगी वाटणार नाही. ते ती हंगामाच्या सुरुवातीलाच भरतील, तेही कोणताही अपराधी भाव न बाळगता, कारण क्लबनेच तसा पर्याय दिला असेल. आता वर्गातील त्या आठ मुलांकडे पाहा जी शेजारच्या कोळीवाड्यातून निम्म्या फीच्या योजनेत येतात. त्यांच्या घरी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर होड्या पुन्हा बाहेर पडतात, आणि त्यानंतरही जाळ्याला काय लागेल यावर घर चालते. ही कुटुंबे १८,००० रुपये भरणार नाहीत. ती ड्यूटी करतील. दोन हंगामांनंतर धक्क्यावर चित्र असे दिसेल की सभासदांची मुले शर्यत करत आहेत आणि कोळीवाड्यातील मुलांचे आईवडील त्यांच्यासाठी मार्क उचलत आहेत. आज तेच आईवडील तेच मार्क उचलतात, पण शेजारी दंतवैद्य, वकील आणि बँक अधिकारीही उचलत असतात, म्हणून त्या कामाला मानाची जागा आहे. बाकीचे पैसे देऊन निघून गेले की तेच काम फी न परवडल्याची खूण होईल. आठपैकी किती मुले त्यानंतर येतील? मला वाटते, फार नाहीत. आणि त्यांना दोषही देता येणार नाही.

ज्या बोटीत ही सर्व मुले बसतात तिची जन्मकथा या संदर्भात आठवते. १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर गावात, ऑप्टिमिस्ट क्लब या समाजसेवी संस्थेला गावातील मुलांसाठी स्वस्त शिडाची बोट हवी होती. क्लार्क मिल्स नावाच्या बोट बांधणाऱ्याने प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्यांतून निघेल, आईबापांना घरच्या शेडमध्ये मुलाबरोबर ठोकून जोडता येईल आणि पन्नास डॉलरच्या आत बसेल अशी चौकोनी नाकाची बोट आखून दिली. संस्थेचे नाव बोटीला मिळाले. आज ती फायबरची झाली आहे आणि तिची किंमत लाखांत गेली आहे, हे खरे. पण तिची ती ठोकळ्यासारखी आकृती, जिला नवे पालक हमखास हसतात, मुळात पैसे नसलेल्यांनाही बोट जोडता यावी म्हणून तशी आहे.

शर्यतीच्या नियमांचे पुस्तक दर चार वर्षांनी सुधारले जाते. सध्याचे २०२५ ते २०२८ चे. त्यातील पहिला नियम वाऱ्याचा, मार्कचा किंवा कोणी कोणाला वाट द्यावी याचा नाही. संकटात असलेल्या कोणत्याही व्यक्तीला किंवा नौकेला शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे, हा तो नियम आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यती पुसान येथे झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन या बोटींच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर असताना त्याला दुसऱ्या वर्गातील सिंगापूरची बोट उलटलेली आणि तिचे दोन शिडकरी पाण्यात असलेले दिसले. तो शर्यत सोडून वळला, दोघांना बाहेर काढले, मदतनौका येईपर्यंत थांबला आणि मग शर्यत पूर्ण करून बाविसावा आला. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. स्पर्धेतील पदक मात्र त्याला मिळाले नाही. आपल्या वर्गात ही गोष्ट प्रत्येक नव्या तुकडीला सांगितली जाते, आणि गोष्ट सांगणारे शिक्षक शेवटी विचारतात की तुम्ही काय केले असते. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पाण्यात ज्याच्याकडून इतकी अपेक्षा आहे त्या मुलाला धक्क्यावर आपले वडील काय करताना दिसतात?

प्रशिक्षकाला पगार मिळू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही, आणि माझ्या पत्राचा कोणी तसा अर्थ काढू नये. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ या एकटीने हाकायच्या बोटींच्या वर्गात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवासजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि ती घडली भोपाळच्या मोठ्या तलावावरील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, पूर्ण वेळ प्रशिक्षणात. रविवारच्या पालकांनी तिला घडवले नाही. ज्यांना तितक्या उंचीवर जायचे आहे त्यांच्यासाठी व्यावसायिक शिक्षण हवेच, आणि आपल्या दोन्ही प्रशिक्षकांचे मानधन वाढवण्याचा ठराव आला तर माझा हात पहिला वर असेल. पण आपल्या वर्गातील बहुतेक मुले ऑलिंपिकला जाणार नाहीत. ती येथे वारा ओळखायला, उलटलेली बोट सरळ करायला आणि आपल्याहून वेगळ्या घरातील मुलाबरोबर एकाच दोराला धरायला शिकतील, आणि त्यासाठी आईबाप धक्क्यावर असणे पुरेसे असते.

समितीपुढे काही सूचना ठेवते. त्या अर्धवट असतील. सभेत त्या फोडून-जोडून घ्याव्यात. पैसे भरून सूट मिळण्याचे कलम काढून टाकावे. त्याऐवजी ड्यूटीचा आकार लहान करावा: पूर्ण दिवसाऐवजी सकाळ आणि दुपार असे दोन भाग, म्हणजे ठाण्याहून येणाऱ्याला अकराला येऊन भागेल. सर्व कामे पाण्यावरची नाहीत हे मान्य करावे. बोटींचे विम्याचे कागद, बंदर अधिकाऱ्यांकडील परवानग्या, शिडांना लावलेली ठिगळे, लाईफ जॅकेटांची पावसाळी तपासणी, मुलांचे पोहे, निकाल टाइप करणे ही कामे आज कोणाच्याच नावावर नसतात, आणि त्यातली काही आजारी आईजवळ बसूनही करता येतात. तीही ड्यूटी म्हणून मोजली जावीत. रेस्क्यू बोट चालवण्याचे शिक्षण ऑक्टोबरच्या पहिल्या दोन रविवारी सर्वांना सक्तीने द्यावे, कारण पुष्कळ लोक आळसाने नव्हे तर इंजिनाच्या भीतीने ड्यूटी टाळतात, हे मी स्वतःवरून सांगते. कोळीवाड्यातील ज्या पालकांना पाणी आपल्याहून अधिक कळते त्यांनी ते शिक्षण द्यावे आणि त्याचे मानधन घ्यावे. जो वर्षभर ड्यूटी करणार नाही त्याला दंड नको, पण पुढील हंगामात त्याला शर्यतीत प्रवेश मिळू नये. कप हवा असेल तर नांगरही उचलावा लागेल. आणि समितीच्या सदस्यांनाही पदामुळे सूट असू नये. कमोडोर महोदय, आपली शेवटची ड्यूटी मी वहीत शोधली, तारीख इथे लिहीत नाही.

तिघा खलाशांना क्लबने सन्माननीय सभासदत्व द्यावे, त्यांच्या मुलांना वर्गात विनाशुल्क घ्यावे, आणि त्यांना सर्वसाधारण सभेत बसता व बोलता यावे, अशी वेगळी सूचना मी रीतसर सचिवांकडे दिली आहे. तिला अनुमोदन देणाऱ्या आणखी चार सह्या हव्या आहेत.

सभेची तारीख लांब आहे, पण पुढचा रविवार लांब नाही. येत्या रविवारी तृतीया आहे, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास आणि बोटी बाराच्या पुढे पाण्यात सोडता येतील. शर्यतीच्या बोटीवर झेंड्यांना माणूस मिळाला आहे, घड्याळाला मी आहे, भोंगा पुन्हा बिघडला आहे. दुसऱ्या रेस्क्यू बोटीवरील एक जागा हे पत्र लिहीपर्यंत रिकामी होती. ज्यांना जमेल त्यांनी शुक्रवारपर्यंत धक्क्यावरील फळ्यावर नाव लिहावे.

कळावे,

आपली नम्र,
२००९ पासून नोंदवही सांभाळणारी एक सभासद